११० डॉलरची जुनी मार्लिन .२२ रायफल घ्यावी का?

रेवा_ओहायो

मंडळी, एका जुन्या .२२ (म्हणजे ०.२२ इंची) रायफलीबद्दल सल्ला हवाय. ज्यांनी अशा रायफली स्वतः हाताळल्या, उघडल्या, दुरुस्त केल्या आहेत त्यांनी जरूर लिहा.

आम्ही कोलंबसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड आहे. मुलगी १३ वर्षांची. मैत्रिणीच्या नादाने ती इथल्या फोर-एच या मुलांच्या संस्थेच्या नेमबाजी गटात जायला लागली आणि तिला ते मनापासून आवडलं. छऱ्याच्या रायफलीवर सुरुवात झाली, आता .२२ वर आली आहे. गटाकडे रायफली मोजक्या आणि मुलं बरीच, त्यामुळे पाळी यायला वेळ लागतो. मधल्या शनिवारी बाबांबरोबर रेंजवर जाऊन सराव करता यावा म्हणून घरची एक रायफल घ्यायचा विचार चाललाय.

आमच्याच गल्लीतल्या एका आजींचे यजमान मध्यंतरी गेले. त्या घर आवरतायत. कपाटात मार्लिन मॉडेल ६० निघाली, ११० डॉलर म्हणतात. नळीखाली लांब ट्यूब, लाकडी दस्ता, वर बारीकशी जुनी दुर्बीण. सिरियल नंबर १९ ने सुरू होतो. नळीवर बाहेरून थोडे तांबूस डाग आहेत. आत पाहिलं तर गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा अगदी पुसट दिसल्या, झिजल्यात की काय कळेना. नवी रुगर १०/२२ घ्यायची तर तीनशेच्या आसपास जाते.

काय काय तपासू? की आम्ही नवखे आहोत तर सरळ नवीच घ्यावी?


अण्णा_ह्यूस्टन

चालू स्थितीतली मॉडेल ६० ११० ला मिळत असेल तर विचार कसला करता? लगेच घ्या. १९६० पासून लाखोंनी बनलेली रायफल आहे. आमच्याकडे याच्या दुप्पट भाव सांगतात. नाही आवडली तर आहे त्या किमतीला विकली जाईल.


गॅरेजवाला (पेनसिल्व्हेनिया)

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "चालू स्थितीतली" या दोन शब्दांतच सगळं आलं, आणि तेच रेवाताईंना अजून माहीत नाही. मी गेली बरीच वर्षं घरच्या गॅरेजात मित्रमंडळींच्या .२२ उघडतो, साफ करतो. त्यातल्या मॉडेल ६० बऱ्याच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी वय. मार्लिनच्या १९७३ नंतरच्या साधारण १९९० पर्यंतच्या सिरियल नंबरांत पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की साल मिळतं. १९ म्हणजे १९८१. म्हणजे कनेक्टिकटमधल्या नॉर्थ हेवनच्या जुन्या कारखान्यातली. नळीच्या बुडाशी गोलात जेएम असा बारीक ठसा असेल. काम चांगलं असायचं त्या काळात.

खाचा पुसट दिसल्या म्हणून घाबरू नका. मार्लिनच्या नळीत मायक्रो-ग्रूव्ह पद्धतीच्या १६ उथळ खाचा असतात. चार किंवा सहा खोल खाचांची नळी पाहायची सवय असलेल्यालाही ती पहिल्यांदा झिजल्यासारखी वाटते. .२२ ची गोळी मऊ शिशाची, वेग बेताचा, त्यामुळे नुसतं झाडून नळी झिजायला हजारो हजारो राउंड लागतात. सामान्य घरातल्या रायफलीची नळी गोळ्यांनी मरत नाही. ती मरते साफसफाईच्या दांड्याने.

ही गोष्ट मॉडेल ६० बाबतीत फार महत्त्वाची आहे. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीत (दर गोळीला काडतुसामागचा बोल्ट हाताने मागेपुढे करायचा) तो बोल्ट काढून मागून दांडा घालता येतो. मॉडेल ६० चा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट बसतो तो सांगाडा, मागून बंद असतो, म्हणून लोक चाळीस चाळीस वर्षं नळीच्या तोंडाकडून दांडा आत ढकलत राहतात. तोंडाशी गोळी नळी सोडते तिथली कड सर्व बाजूंनी सारखी असावी लागते. दांडा घासून ती एका अंगाला झिजली की गोळी सुटताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी डगमगते. भिंग घ्या, विजेरी घ्या आणि ती कड बघा. एका बाजूला चकाकता उतार दिसला तर समजा की अचूकपणा गेलेला आहे. बंदूक दुरुस्त करणारा कारागीर ती कड पुन्हा कापून देऊ शकतो, पण त्याची मजुरी धरली की ११० चे ११० राहत नाहीत.

दुसरं, नळीच्या आत. अ‍ॅक्शन (बोल्टची यंत्रणा) उघडी, रायफल रिकामी असल्याची खात्री, मग चेंबरकडून (काडतूस बसतं त्या जागेकडून) प्रकाश टाकून तोंडाकडून बघायचं. आत कुठे गडद गोल कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असते. आधीची गोळी आत अडकली आणि मागून दुसरी झाडली की असं होतं. बाहेरून बोट फिरवून दर वेळी कळत नाही, पण ओढदोरीला घट्ट चिंधी लावून सावकाश ओढली की त्या जागी हात एकदम हलका होतो. फुगलेली नळी असेल तर तिथेच नमस्कार करून घरी या.

तिसरं, चेंबरची कड. .२२ रिमफायर काडतुसात मधोमध कॅप नसते, ठिणगीची पूड कडेच्या घडीत असते, म्हणून ठिणगी पाडणारी पिन कडेवर आपटते. आत काडतूस नसताना ट्रिगर दाबत बसलं तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडते. मग काडतूस नीट बसत नाही, रिकामं कवच अडकतं, कधी ठिणगीच पडत नाही. बारा वाजण्याच्या किंवा जिथे पिन येते त्या जागी चेंबरच्या तोंडाशी दबल्याची खूण दिसते का पाहा. थोडी असेल तर कारागीर एका खास लोखंडी दांड्याने ती धातूची कड परत बाहेर दाबून देतो.

चौथं, बफर. रिसीव्हरच्या मागच्या टोकाला एक प्लॅस्टिकचा तुकडा असतो, बोल्ट मागे येऊन त्यावर आपटतो. १९८१ चा असेल तर तो पिवळा पडून तडकलेला असण्याची दाट शक्यता. दस्त्याचे दोन स्क्रू काढले की अ‍ॅक्शन वर येते आणि तो समोर दिसतो. तुकडे झालेले असतील तरी घाबरू नका, भाग थोडक्या पैशात मिळतो, बदलणं सोपं. पण तो फुटलेला असताना ती रायफल वापरत राहिले असतील तर बोल्ट रिसीव्हरवर आपटत राहिला असणार. तिथे ठोके पडलेत का, ते बघायचं.

बाहेरचे तांबूस डाग तेल आणि बारीक स्टील वूलने निघतात. त्याने किंमत पाडून घ्या, नाराज होऊ नका.

बाकी दस्त्याला मनगटाच्या जागी चीर आहे का ते बघा. आणि दुर्बिणीला काहीही किंमत देऊ नका. त्या काळच्या बारीक नळीच्या दुर्बिणीतून मुलीला फक्त डोकेदुखी होईल.


सांजवारा

गॅरेजवाला, उत्तम माहिती. एक विचारते: ट्रिगर आणि सेफ्टी घरच्या घरी तपासायची तर रिकामी झाडायला लागेल ना? मग वरच्या तिसऱ्या मुद्द्याचं काय?


गॅरेजवाला (पेनसिल्व्हेनिया)

चांगला प्रश्न. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायला पिवळ्या प्लॅस्टिकचे गट्टे मिळतात, ४-६ नंबरचे. ते .२२ च्या चेंबरमध्ये खोट्या काडतुसासारखे बसतात आणि पिन त्यांच्या कडेवर आपटते. एक गट्टा दोन-चार वेळा वापरायचा आणि टाकून द्यायचा.

तो घालून बोल्ट ओढा. सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. या क्षणी "टक" झालं तर ती रायफल धोकादायक आहे. मग सेफ्टी काढलेली ठेवून दस्त्याच्या बुडाला तळहाताने दोन ठोसे द्या. तरीही आतली हातोडी (पिनेवर आपटणारा भाग) पडता कामा नये. कुणी हौशी माणसाने ट्रिगर हलका करायला स्प्रिंगा कापल्या असतील तर इथे पकडला जातो.

आणि हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं: ट्यूब मॅगझिनवाली रायफल रिकामी आहे हे पटकन कळत नाही. पितळी आतली ट्यूब पूर्ण बाहेर काढा, रायफल तिरपी करून हलवा, मग बोल्ट पुन्हा पुन्हा ओढा, मग चेंबरमध्ये आणि खालच्या उचलणीत (ट्यूबमधला राउंड वर आणणारा भाग) बोट घालून तपासा. एखादा राउंड ट्यूबमध्ये किंवा उचलणीत चिकटून राहतो. बोल्टचा दांडा मागे ओढून आत दाबला की बोल्ट उघडा राहतो, तसाच ठेवायचा. शेवटच्या गोळीनंतर आपोआप उघडा राहण्याची सोय मार्लिनने या रायफलीत नंतर आणली, तुमच्या वर्षाच्या रायफलीत ती नसणार. आजींच्या यजमानांनी शेवटची कधी वापरली कोण जाणे. भरलेलीच आहे असं धरूनच हात लावा.


शुभदा_पी

मी मुलांच्या रुग्णालयात नर्स आहे, याच देशात. मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं स्पष्ट आहे: मुलांसाठी सर्वांत सुरक्षित घर म्हणजे ज्यात बंदूक नाही असं घर. आणि असेलच तर कुलपात, रिकामी, गोळ्या वेगळ्या कुलपात. रेवा, तुझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला नियम पाठ असतील, माझी खात्री आहे. पण या वयात मन एका दुपारी कुठे जाईल सांगता येत नाही. तिचंच नाही, तिच्या मैत्रिणींचं, लहान भावंडाचं. तिला किल्लीची जागा माहीत असेल तर कुलूप असून नसल्यासारखं.

गटाच्या रायफलीवर थांबता येत नाही का? निदान एक वर्ष?


रेवा_ओहायो

शुभदाताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ही चर्चा आमच्या घरातही झाली आहे. धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्यामुळे कुलपाचा विषय आमच्यासाठी दुय्यम नाही. आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी घेणार, आकडे फक्त आम्हा दोघांना. गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. हे जमणार नसेल तर रायफल घरात येणार नाही, यावर आमचं एकमत आहे.


शुभदा_पी

मग ती पेटी आधी घरात येऊ दे, रायफल नंतर. आणि मुलीच्या मैत्रिणींच्या आयांनाही सांग की घरात आहे आणि बंद आहे. त्यांनाही विचार. आपल्या लोकांना संकोच वाटतो असं विचारायला, पण विचार.

प्रोजेक्ट चाइल्डसेफ म्हणून कार्यक्रम आहे, त्यातून तारेचं कुलूप फुकट मिळतं. बऱ्याच गावांतल्या पोलीस ठाण्यात ठेवलेलं असतं. पेटी आली तरी तेही लाव.

अजून एक, शिसं. बंद रेंजमध्ये विशेषतः. रेंजवर काही खायचं-प्यायचं नाही, निघताना साबण आणि गार पाण्याने हात-तोंड धुवायचं, घरी आल्यावर कपडे लगेच बदलायचे. धाकट्याला उचलून घ्यायच्या आधी. हे मी नर्स म्हणून सांगते, विरोधक म्हणून नाही.


अण्णा_ह्यूस्टन

कायद्याचं कुणीच लिहिलं नाही अजून.

ओहायोत एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांत खासगी व्यवहार डीलरशिवाय होऊ शकतो. तरी माझा आग्रह आहे की डीलरकडे जाऊन करा. तो तुमच्याकडून ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेईल, पार्श्वभूमी तपासेल, थोडी फी घेईल. ग्रीन कार्डवाल्यांना ए-नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक) आणि सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र लागतं. फायदा असा की तुमच्याकडे कागद राहतो, आणि आजींनाही उद्या कुणी विचारलं तर त्यांनी कुणाला दिली ते सांगता येतं. यजमान गेलेत म्हणजे मृत्युपत्राचं, वारसाचं काय झालंय तेही एकदा विचारा. कपाटातली वस्तू विकायचा हक्क कुणाचा आहे हे त्यांच्या वकिलाला माहीत असेल.

सिरियल नंबर स्थानिक पोलिसांकडून चोरीच्या यादीत तपासून घेता येतो का, ते विचारा. १९६८ चा कायदा येण्याआधीच्या बऱ्याच स्वस्त .२२ वर नंबरच नसे, तो गुन्हा नाही. पण १९८१ च्या रायफलीवर नंबर असलाच पाहिजे, आणि खरवडलेला असेल तर हातही लावू नका.

मुलीसाठी आईवडिलांनी विकत घेऊन आपल्या ताब्यात ठेवणं कायदेशीर आहे. १८ खालच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली खेळासाठी, शिकारीसाठी, शिकण्यासाठी वापरू देणं ओहायोच्या कायद्यात बसतं. एकटीच्या हवाली करायची नाही.


नवा_गडी_२०

माझाही असाच विचार चाललाय. मी एच-१बी वर आहे, नॉर्थ कॅरोलिनात. मित्र म्हणाला खासगी व्यवहारात कुणी व्हिसा विचारत नाही. बरोबर आहे का?


अण्णा_ह्यूस्टन

थांबा! अजिबात घेऊ नका.

कुणी विचारत नाही आणि कायद्याने चालतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगण्याची संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. अपवाद आहेत, आणि त्यातला सामान्य माणसाच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू, मुदतीतला शिकार परवाना. त्यासाठी बहुतेक ठिकाणी आधी शिकारीच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला.

आणि हे फक्त विकत घेण्यापुरतं नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं, भाड्याने घेणं, हेही बाळगणंच धरलं जातं. एच-४ वरच्या बायकोला, मुलांनाही तेच लागू. यात अडकलात तर दंड आणि तुरुंग बाजूला, पुढचं इमिग्रेशनच संपू शकतं. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, मग रायफलीचा विचार करा. मित्राला हे नक्की दाखवा.


नवा_गडी_२०

धन्यवाद अण्णा. हे माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसातली अर्धी मंडळी रेंजवर जाऊन फोटो टाकतात. सगळ्यांना पाठवतो.


कोल्हापुरी_नेम

रेवाताई, मी पुण्यात असतो, बालेवाडीच्या रेंजवर मुलांना शिकवतो. आमच्याकडे स्वस्त जुनी .२२ हा विषयच वेगळा. आधी १० मीटर एअर रायफल. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, म्हणून सगळे तिथून सुरू करतात. .२२ साठी शस्त्र परवाना. आणि कुणी परवानाधारक आपली जुनी दुसऱ्याला विकणार असेल तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तरीही आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुण करून कांस्य आणलं, आणि तेजस्विनीताई सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं पडून नेम) विश्वविजेत्या झाल्या. दोघांचाही प्रकार याच .२२ चा. म्हणून तुमच्या धाग्यावर यायला आनंद वाटतो.

पण मला एक विचारायचं आहे जे वर कुणीच विचारलं नाही. मुलीचा मुख्य डोळा कुठला?

दोन्ही हात पुढे पसरून तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू, भिंतीवरचं घड्याळ म्हणा, बघायला सांगा. मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याने वस्तू भोकातच राहते तो मुख्य डोळा. नवीन मुलांच्या पालकांना मी रायफल घेण्याआधी हेच करायला सांगतो. डोळा एका बाजूचा आणि खांदा दुसऱ्या बाजूचा असला की मूल मान वाकडी करून नेम धरतं, किंवा एक डोळा घट्ट मिटून थकतं. १३ व्या वर्षी खांदा बदलणं सोपं असतं.

दुसरं. शिकणाऱ्या मुलीला मॉडेल ६० सारखी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) कशाला? एक राउंड घालायचा, श्वास सोडायचा, झाडायचा, बोल्ट उघडायचा, विचार करायचा. ट्यूबमध्ये १७ राउंड असले की मुलं पहिला चुकलेला शॉट दुसऱ्याने पुसायला जातात. बोल्ट अ‍ॅक्शन घ्या.


रानवाटा

बोल्टला माझंही मत. आणि खर्चाचा हिशोब रायफलीवर नाही, काडतुसांवर करा. बापलेकींनी शनिवारी १०० राउंड झाडले आणि बऱ्यापैकी काडतूस आठ-दहा सेंटला धरलं तर दर वेळी आठ-दहा डॉलर. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षात या ११० च्या रायफलीपेक्षा जास्त पैसे काडतुसांवर जातात. रिमफायरचं कवच पुन्हा भरताही येत नाही. त्यामुळे रायफलीत ६० डॉलर वाचवून नळी खराब घेतली तर प्रत्येक शनिवारी चांगली काडतुसं वाया घालवायची.

बोल्ट अ‍ॅक्शनला ४० ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मंद काडतूस चालतं, १०७० फूट प्रतिसेकंदाच्या आसपासचं. आवाज कमी, ५० यार्डांवर गोळ्या जवळ जवळ पडतात. मॉडेल ६० सारख्या सेमी-ऑटोला बोल्ट मागे फेकायला जरा जोराचं काडतूस लागतं, नाहीतर कवच अडकतं. हाही फरक धरा.


रेवा_ओहायो

कोल्हापुरी_नेम, तुमची चाचणी आज जेवणाआधी केली. लेक उजव्या हाताने लिहिते, रायफल उजव्या खांद्याला लावते, आणि मुख्य डोळा डावा निघाला! पुन्हा पुन्हा केली, प्रत्येक वेळी डावाच. तिनेच सांगितलं की गटात तिला डोळा मिटून मिटून अश्रू येतात, पण सगळ्यांना तसंच होत असेल असं तिला वाटायचं.

तिच्या शिक्षकांना फोन केला. ते म्हणाले पुढच्या वेळी डाव्या खांद्यावरून करून पाहू.


कोल्हापुरी_नेम

हे कळलं हीच मोठी गोष्ट झाली. डाव्या खांद्यावर सुरुवातीला फार अवघडल्यासारखं वाटेल, टाका घालायला शिकणाऱ्या माणसाला डाव्या हातात सुई दिल्यासारखं. थोडे दिवस छऱ्याच्या रायफलीवरच करू द्या. मग परत .२२.

आणि आता मॉडेल ६० चा प्रश्न जवळजवळ सुटला. तिचं कवच उजवीकडे उडतं. डाव्या खांद्यावर लावल्यावर ती खिडकी थेट तिच्या चेहऱ्यासमोर येते, कवच आणि पुडीचे कण नाकासमोरून जातात. चष्मा असतोच, तरी पोर दचकायला लागते. आणि एकदा दचकायची सवय लागली की ती घालवायला वर्ष जातं.


गॅरेजवाला (पेनसिल्व्हेनिया)

पूर्ण सहमत. रेवाताई, सॅव्हेज मार्क २ बघा. बोल्ट अ‍ॅक्शन, आणि सॅव्हेज डावखुऱ्यांसाठी बोल्ट डाव्या बाजूला असलेलीही बनवते. नवी फार महाग नाही. जुनी डावी सहज मिळत नाही, पण मिळाली तर लोक फारसं ओढाताण न करता देतात, कारण गिऱ्हाईक थोडं. तिच्यात मॅगझिन सुटं असतं, ते आहे ना, त्याचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नाहीत ना, ते बघा. हरवलेलं मॅगझिन म्हणजे वेगळा खर्च. बोल्ट काढला की नळी मागून साफ होते, त्यामुळे तोंडाची कड बहुधा शाबूत असते.

तरी आजींकडची तपासाच. तुमच्या नवऱ्याला स्वतःसाठी हवी असेल तर?


रेवा_ओहायो

आज तपासून आलो. तुमची यादी छापून नेली होती. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ बरोबर आले, त्यांनी आयुष्यभर शिकार केलीय.

ट्यूब काढली तर आत एक राउंड चिकटलेला होता. आजींचा चेहरा पांढरा पडला. चार नातवंडं त्या घरात खेळतात. त्यांनी लगेच कपाटातल्या बाकीच्या बंदुकाही तपासून घ्यायला सांगितलं, आणि त्या गृहस्थांनी त्या सगळ्या एकेक करून रिकाम्या करून दिल्या. गॅरेजवाला, हे तुमच्यामुळे झालं, मनापासून आभार.

नळी आतून स्वच्छ निघाली, कडं-बिडं काही नाही. चेंबरच्या कडेला पिनेची अगदी हलकी खूण. सेफ्टी ठीक. दस्ता काढला तर बफरचे तीन तुकडे. रिसीव्हरवर ठोके पडलेले नाहीत. तोंडाची कड मात्र तुम्ही लिहिलंत तशीच, खालच्या अंगाला चकाकणारा उतार.

आम्ही घेत नाही. नवऱ्याला स्वतःसाठी नको आहे, आणि लेकीसाठी ती योग्य नाही. डावी मार्क २ शोधायला दोन डीलरांना सांगून ठेवलंय. तोवर गटाचीच रायफल, आणि पेटी मात्र या आठवड्यातच आणतोय, शुभदाताई.


शुभदा_पी

त्या एका राउंडबद्दल वाचून अंगावर काटा आला. आजींना माझ्याकडूनही सांग, बाकीच्या बंदुकांना आजच कुलूप लावा म्हणावं. विकेपर्यंतसुद्धा.


रेवा_ओहायो

लावलं. पोलीस ठाण्यातून तारेची कुलपं मिळाली, फुकट. तुम्ही सांगितलेल्या कार्यक्रमातलीच होती.

आता आजींचा प्रश्न उरला. त्यांना योग्य भाव काय सांगू? त्या माझ्यावर सोडतायत.


अण्णा_ह्यूस्टन

फुटका बफर आणि झिजलेली कड सांगूनच विकायची तर माझ्या मते ११० बरोबर आहे. आधी मी लगेच घ्या म्हटलं होतं ते ती ठीकठाक असेल असं धरून. नीट असती तर त्यांनी जास्त मागायला हवे होते.


गॅरेजवाला (पेनसिल्व्हेनिया)

आजी ११० ला देत असतील तर ती मी घेतो. कड मी स्वतः कापतो, बफर माझ्याकडे पडून आहे. १९८१ ची नॉर्थ हेवनची नळी आतून स्वच्छ, ती मोडीत जाऊ नये असं वाटतं. दुरुस्त झाली की तुमच्या ओहायोतल्या कॅम्प पेरी रेंजवरच्या रिमफायर स्पोर्टर सामन्याला नेईन. साडेसात पौंडांच्या आतली साधी .२२ चालते तिथे, ट्रिगर तीन पौंडांपेक्षा हलका नको एवढंच. लेकीला घेऊन या बघायला, रेंज एरी सरोवराच्या काठीच आहे, तुमच्यापासून लांब नाही. मोठ्या माणसांच्या बरोबरीने मुलं झाडतात, तिला आवडेल.

फक्त मी दुसऱ्या राज्यात, त्यामुळे हातात घेता येणार नाही. तुमच्या कोलंबसजवळच्या डब्लिनमधला डीलर माझ्या गावच्या डीलरकडे पाठवेल, मी इथे फॉर्म भरून सोडवून घेईन. पाठवायचा खर्च आणि दोन्हीकडची फी माझी. आजींना पूर्ण ११० मिळू द्या.


रेवा_ओहायो

आजींना विचारलं. त्यांच्या वकिलाने रायफली विकायला हरकत नाही असं लेखी दिलंय. सोमवारी त्यांच्याबरोबर डीलरकडे जाते आणि तुमच्या डीलरचा नंबर त्याला देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुर्बीण लावूनच पाठवायची की काढून?


गॅरेजवाला (पेनसिल्व्हेनिया)

काढून, आजींकडेच ठेवा. यजमानांची आठवण म्हणून नातवंडांना चंद्र बघायला देता येईल. व्यनि करतोय.